पाणी हलवणारी पेटी

कात्रजच्या आमच्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक घरात मायक्रोवेव्ह आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात तो चहा गरम करतो. सकाळचा उरलेला चहा, रात्रीची आमटी, कुणाला यायला उशीर झाला तर त्याचं ताट. बाकी वेळ त्याच्या डोक्यावर फराळाचे डबे असतात, तेही नेमके हवा बाहेर पडायच्या झरोक्यांवर. खालच्या मजल्यावरच्या काकूंना लेकाने मोठा कन्व्हेक्शनवाला घेऊन दिला, त्याला सहा वर्षं झाली. "केकसुद्धा होतो म्हणे त्यात," असं त्या अजूनही सांगतात. त्यांची त्याच्याबद्दल एकच तक्रार आहे: पोळी वातड करतो.

तक्रार खरी आहे. फक्त गुन्हेगार दुसरा आहे. आपण मायक्रोवेव्हला गॅसची धाकटी बहीण समजतो आणि गॅसवर जे करतो तेच त्याच्याकडून मागतो. गॅस भांडं तापवतो, भांडं अन्नाला तापवतं. मायक्रोवेव्ह भांडं तापवत नाही, पेटीतली हवाही तापवत नाही. तो अन्नातलं पाणी हलवतो आणि ते पाणी अन्न शिजवतं. त्यामुळे पेटीत काहीही ठेवण्याआधी एवढंच विचारायचं: यात पाणी कुठे आहे, किती आहे, आणि ते संपलं तर पुढे काय होईल?

कात्रजला राहणाऱ्याला पाण्याचा विचार तसा नवा नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी इथल्या डोंगराच्या कुशीत तलाव बांधला आणि त्याचं पाणी बंदिस्त दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. त्या नळाला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, म्हणजे आत कोंडलेल्या हवेला बाहेर पडायची वाट. हे उच्छ्वास लक्षात ठेवा, पुढे वांग्याच्या भरिताला लागणार आहेत.

या पेटीचा जन्म मात्र स्वयंपाकघरात झालेला नाही. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी रडारसाठी मॅग्नेट्रॉनची एक नळी तयार केली. तळहातावर मावणारी ही वस्तू आखूड लहरी इतक्या जोरात फेकायची की शत्रूची विमानं अंधारातही दिसू लागली. त्याच वर्षी तिचा नमुना अमेरिकेला गेला आणि रेथिऑन कंपनीत या नळ्या ढिगाने बनू लागल्या. तिथल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातली गोड वडी नळीजवळ उभं राहिल्यावर वितळली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. वडी कसली होती यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही, पण १९४५ मध्ये त्याने अन्न शिजवण्याच्या या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, एवढं पक्कं. १९४७ साली बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच होतं आणि तीनशे किलोंहून जड होतं. ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह यायला १९६७ उजाडलं. पुढे तीनच वर्षांनी, १९७० मध्ये, आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी घरं स्वयंपाक शिकली. अमेरिकेतली पेटी आणि आपली वाटी या दोघींची गाठ पडायला मात्र पुढची वीसएक वर्षं गेली. ती गाठ अजून नीट बसलेली नाही, असं मला वाटतं.

आता पेटीच्या आत काय चालतं ते बघू. त्यासाठी एक उडदाचा पापड पुरे.

काचेची फिरती ताटली काढा. खालचं चाकाचं कडंही काढा. मधल्या फिरत्या खुंटीवर एक उथळ काचेचा वाडगा असा पालथा घाला की खुंटी त्याला लागणार नाही. वाडग्यावर ताटली ठेवा, ती आता फिरणार नाही. तिच्यावर दोन-तीन कोरडे पापड जागा भरेल असे मांडा आणि पूर्ण शक्तीवर वीस-पंचवीस सेकंद चालवा. दार उघडून बघा. पापड सगळीकडे सारखा फुललेला नसेल. काही ठिकाणी पांढरे फोड आले असतील, आणि त्याला लागूनच पापड जसा होता तसा पिवळट, कच्चा. शेजारशेजारच्या दोन फोडांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. साधारण सहा सेंटिमीटर येईल. सगळेच फोड इतके आज्ञाधारक नसतात, म्हणून चार-पाच जोड्या मोजून सरासरी काढा.

ही सहा सेंटिमीटर म्हणजे लाटेची अर्धी लांबी. घरगुती मायक्रोवेव्हच्या लहरी सेकंदाला २४५ कोटी आवर्तनं करतात आणि त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. धातूच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. त्यामुळे काही जागी जोर दुप्पट होतो आणि काही जागी शून्य. जोराच्या जागी पापड फुलतो. आता १२ सेंटिमीटरला २४५ कोटींनी गुणा: सेकंदाला २ लाख ९४ हजार किलोमीटर. प्रकाशाचा वेग जवळपास ३ लाख आहे. एका पापडावर आणि शाळेतल्या पट्टीवर प्रकाशाचा वेग मोजून झाला, आणि मोजमाप खाताही आलं. शाळेच्या प्रयोगशाळेत इतका स्वस्त आणि चवदार प्रयोग माझ्या तरी वाट्याला आला नव्हता.

फिरती ताटली कशासाठी असते ते आता कळलं असेल: पदार्थ जोराच्या जागांतून फिरता राहावा म्हणून. पण ताटलीचा अगदी मधला बिंदू फिरला तरी हलत नाही. एकच बटाटा असेल तर तो मध्ये नको, थोडा कडेला ठेवा. चार बटाटे असतील तर गोल कडं करून मांडा आणि मधली जागा मोकळी सोडा. ताटात भात, भाजी, आमटी गरम करताना भाताचा डोंगर करायचा नाही, मध्ये आळं करायचं.

पाण्याचं काय होतं? पाण्याच्या रेणूला एक धन टोक असतं आणि एक ऋण. लहरीतलं विद्युतक्षेत्र उलटसुलट होतं तसा तो त्याच्याबरोबर वळू बघतो. पण आजूबाजूला गर्दी असते. वळताना शेजाऱ्यांना धक्के बसतात आणि या धक्काबुक्कीतून उष्णता निघते. संध्याकाळी कात्रज चौकातून दुचाकी काढली असेल त्याला याहून जास्त समजावायची गरज नाही. २४५ कोटी हा आकडा पाण्याशी नेमका जुळवून घेतलेला आहे, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते चूक आहे. पाण्याची सर्वात जास्त शोषण्याची जागा यापेक्षा कितीतरी वरच्या आवर्तनांवर आहे. तिथे जुळवलं असतं तर सगळी शक्ती बटाट्याच्या सालीतच संपली असती. तसं नाही, म्हणून लहरी आत शिरतात. मात्र फार खोल नाही, दोन-तीन सेंटिमीटरच. तिथपर्यंत जाता जाता त्यांचा बराचसा जोर सरतो.

म्हणजे "मायक्रोवेव्हमध्ये अन्न आतून शिजतं" हेही चुकीचंच. मोठ्या बटाट्याच्या गाभ्यापर्यंत लहर पोचतच नाही. तिथे उष्णता बाहेरून आत सरकत जाते, गॅसवर सरकते तशीच, आणि त्याला वेळ लागतो. भात झाला की झाकण न उघडता वाफ जिरू देतो ना, तेच इथे करायचं. सूचनापुस्तिकेत "पाच मिनिटं तसंच ठेवा" असं लिहिलेलं असतं आणि ते कुणीही पाळत नाही. यंत्र थांबलं तरी शिजणं थांबलेलं नसतं. बटाटा गाभ्यात कच्चा वाटला म्हणून लगेच आणखी दोन मिनिटं दिली, तर बाहेरचा थर चामड्यासारखा होतो. आधी झाकून पाच मिनिटं थांबा, मग सुरी घालून बघा.

थांबण्यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या प्रचंड दुर्बिणीला अधूनमधून विचित्र रेडिओ झटके मिळायचे. आकाशातून येतायत की कुठून, ते कळेना. २०१५ मध्ये उलगडा झाला: तिथले कर्मचारी यंत्र पूर्ण थांबायच्या आत मायक्रोवेव्हचं दार उघडत होते आणि मॅग्नेट्रॉन बंद होता होता एक झटका बाहेर निसटत होता. आपल्या जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिच्या परिसरात मोबाइलचीसुद्धा डोकेदुखी असते, तर भुकेल्या माणसाने घाईने उघडलेल्या दाराची काय कथा! घरात कुणी दार तसं उघडलं म्हणून काही बिघडत नाही, यंत्र तत्क्षणी बंद होतं. पण "घाई करू नको" म्हणायला मला आता एका दुर्बिणीचा आधार आहे.

दाराच्या जाळीबद्दलही लोकांना धास्ती असते. जाळीची भोकं दीड-दोन मिलिमीटरची आणि लाट १२ सेंटिमीटरची. तिला ती भिंतच वाटते. प्रकाशाची लाट त्या भोकापेक्षा हजारोपट लहान, म्हणून तो सुटतो आणि आपल्याला आतला पापड दिसतो. आणि "रेडिएशन" या शब्दाला घाबरणाऱ्यांसाठी: अणुभट्टीतला किरणोत्सर्ग वेगळा, हा वेगळा. या लहरींत रेणू हलवण्याइतकीच ताकद असते, तोडण्याइतकी नसते. यंत्र बंद झालं की अन्नात ऊब सोडून काही उरत नाही.

आता स्वयंपाकाचं.

सर्वात दुर्लक्षित बटण शक्तीचं. आपण वेळ दाबतो, शक्ती पूर्णच ठेवतो. गॅसवर मोठ्या आचेवर सगळं करणारी सून सासूच्या किती शिव्या खाईल! मायक्रोवेव्हमध्ये मात्र सगळं घर हेच करतं. शक्ती कमी करणं म्हणजे मंद आच, आणि साध्या यंत्रात ती गमतीदार पद्धतीने होते. मॅग्नेट्रॉन मंद होत नाही, तो चालू-बंद होतो. कान देऊन ऐका: पंखा सतत चालतो, पण मध्येच घुर्र असा जड आवाज मिसळतो, थोड्या सेकंदांनी जातो, पुन्हा येतो. पन्नास टक्के म्हणजे निम्मा वेळ मारा आणि निम्मा वेळ उष्णता आत सरकायला उसंत. नव्या इन्व्हर्टरवाल्या यंत्रांत शक्ती खरोखरच कमी-जास्त होते.

या उसंतीचं मोल फ्रीजरमधल्या खवलेल्या नारळाला विचारा. बर्फातले रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, ते वळू शकत नाहीत, म्हणून बर्फ या लहरी जवळजवळ शोषतच नाही. पण कडेचं कणभर बर्फ वितळलं की ते पाणी शक्ती खाऊ लागतं, आणखी तापतं, आणखी खातं. परिणामी कडेचं खोबरं तेल सोडतं आणि मधला गोळा दगडासारखा घट्ट राहतो. तीस टक्क्यांवर एक मिनिट, काट्याने फोडायचं, दोन मिनिटं तसंच ठेवायचं, पुन्हा एक मिनिट. डीफ्रॉस्टचं बटण हेच करतं.

दुसरी फसगत प्रमाणाची. कुकरमध्ये दोन बटाटे घातले काय आणि सहा घातले काय, शिट्ट्या तेवढ्याच. इथे पंगतीचा हिशेब आहे: वाढपी एक, ८०० वॅटचा, पानं वाढली की प्रत्येकाला कमी मिळणार. एका बटाट्याला चार मिनिटं, तर दोघांना सात. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, पाणी २५ अंशांवरून उकळायला हिशेबाने ७७ सेकंद लागतात. प्रत्यक्षात काही शक्ती वाया जाते, म्हणून दीड-दोन मिनिटं धरा. चार पेले ठेवलेत तर सरळ गॅसकडे जा.

उकळण्याचा प्रश्न पुण्यात थोडा वेगळाही आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मायक्रोवेव्हमधलं पाणीही तिथेच अडतं, कितीही वॅट द्या. कुकरमध्ये दाब वाढतो आणि पारा १२० च्या जवळ जातो. तुरीची डाळ, राजमा, हरभरे यांना हे वरचे वीस अंशच हवे असतात. तेव्हा डाळ मायक्रोवेव्हमध्ये शिजवायचा हट्ट सोडा. भात होतो, पण वेळ वाचत नाही. तांदळाच्या दाण्यात पाणी मुरायचं त्या गतीनेच मुरतं.

या ९८ अंशांच्या छतामुळेच मायक्रोवेव्हवर "खमंग होत नाही" असा ठपका बसला. खमंगपणा, तांबूस रंग, भाजल्याचा वास, हे सगळं सुरू होतं ते १४० अंशांच्या आसपास. ओल्या पदार्थाला तिथवर जाताच येत नाही आणि पेटीतली हवाही गार असते. म्हणून फोडणी गॅसवर, फोडणीच्या पळीतच. तेल तसंही या लहरी फारशा शोषत नाही. मोहरी तडतडायची वाट बघत बसाल आणि वाटी मात्र हात लावू देणार नाही. पण पाणी संपलं की छत उडतं. दाणे, बेसन, पापड यांच्यात मुळात पाणी थोडं. ते गेलं की तापमानाला लगाम राहत नाही, आणि तिथे मायक्रोवेव्ह उत्तम भाजतो. उत्तम जाळतोही.

दाण्यांचं सांगतो. दोन वाट्या शेंगदाणे पसरट काचेच्या ताटलीत एका थरात. पूर्ण शक्तीवर दोन मिनिटं, हलवा. मग एकेक मिनिट, दर वेळी बाहेर काढून हलवा. कढईत दाणे बाहेरून डागाळतात आणि आपण रंगावरून ओळखतो. इथे उलट: साल तशीच फिकट आणि आतली फाकं तांबूस. रंगाची वाट बघितली की गेलंच. पहिल्यांदा केलं तेव्हा मी सलग सहा मिनिटं लावून फोन घ्यायला गेलो. बाहेर आलेले दाणे दिसायला अगदी चांगले होते. कूट करायला घेतलं तर आत काळे, आणि घरात दोन दिवस जळका वास. तेव्हापासून नाकावर भरवसा: भाजल्याचा पहिला वास आला की थांबायचं, बाहेर काढून पसरायचं. गार होईपर्यंत ते स्वतःच्या उष्णतेवर आणखी भाजतात. बेसनाच्या लाडवांचं पीठही याच रीतीने, तुपात कालवून, मिनिटामिनिटाने ढवळत. हात दुखत नाही, तळाला लागत नाही.

तळाला लागत नाही, हा या पेटीचा खरा गुण, आणि तो जिथे लागू पडतो तो पदार्थ म्हणजे सुरळीची वडी. गॅसवर पंधरा मिनिटं एका हाताने घोटत राहायचं आणि तरी गुठळी व्हायचीच. तिचं कारण तळ: तिथलं पीठ आधी आळतं, वरचं पातळ राहतं. मायक्रोवेव्हमध्ये तापलेला तळच नाही. एक वाटी बेसन, एक वाटी आंबटसर ताक, दोन वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ, वाटलेली हिरवी मिरची. गाळून घ्या, हे टाळू नका. मिश्रणाच्या तिप्पट मावेल अशा काचेच्या वाडग्यात दोन मिनिटं, बाहेर काढून रवीने किंवा फेटणीने घोटा. कडेला पीठ आळलेलं आणि मध्ये पाण्यासारखं दिसेल. घाबरू नका, ते पापडावरचे फोडच आहेत, घोटलं की एकजीव होतं. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा घोटणं. मग एकेक मिनिट. पाच-सहा मिनिटांनंतर पीठ चमकू लागतं आणि जड होतं. स्टीलच्या ताटाच्या पाठीवर चमचाभर फासा, मिनिटभराने कड उचला. सुटून आली तर ताबडतोब बाकीचं फासायला घ्या, कारण हे गार व्हायला वेळ देत नाही. ओलं खोबरं, कोथिंबीर, सुरळ्या, आणि वरून गॅसवरची फोडणी. मोदकाची उकडही याच न्यायाने छान होते.

काकूंना मी ही वडी दाखवली तेव्हा त्यांनी सुरळी उलगडून आतून बघितली. मग म्हणाल्या, "बेसन कच्चं नाही लागत." त्यांच्याकडून ही मोठी पावती.

आता वांगं, आणि उच्छ्वास. सालीत बंद असलेल्या कुठल्याही गोष्टीत पाण्याची वाफ कोंडते. वाफेला पाण्याच्या शेकडो पट जागा लागते. वाट नसेल तर ती स्वतः करून घेते, पेटीच्या चारी भिंतींना वांगं चिकटवून. म्हणून काट्याने दहा-बारा ठिकाणी टोचायचं. झाकण ठेवायचं ते कायम थोडं किलकिलं. कवचासकट अंडं ठेवायचंच नाही, उकडलेलंसुद्धा. पेशव्यांच्या गवंड्याला जे कळलं होतं ते घट्ट झाकणाचा डबा आत सरकवणाऱ्याला कळत नाही, याचं मला नवल वाटतं.

भरिताचं मोठं वांगं असं आठेक मिनिटांत लोण्यासारखं मऊ होतं. चव मात्र उकडलेल्याची, कारण साल जळलीच नाही. कोळशाचा धुंगार देता येतो. मला दुसरी युक्ती जास्त आवडते: पाच मिनिटं पेटीत, आणि मग तीन मिनिटं थेट गॅसच्या ज्योतीवर. गर आधीच झालेला असतो, ज्योतीला फक्त साल करपवायची. गॅस निम्म्याहून कमी लागतो आणि देठाजवळ कच्चं राहत नाही.

भांड्यांचं थोडक्यात. काच आणि चिनी माती चालते, सोनेरी कड नको. मेलामाइन नको, ते स्वतःच तापतं. दुधाची पिशवी, श्रीखंडाचा रिकामा डबा यांचं प्लास्टिक या कामासाठी नाही. शंका असेल तर रिकामं भांडं आणि शेजारी पेलाभर पाणी ठेवून एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि भांडं गार, तर भांडं चांगलं. गुळगुळीत पेल्यात नुसतं पाणी फार वेळ तापवलंत तर ते बुडबुडा न येता उकळबिंदूच्या वर जातं आणि चहाची पूड पडताच अंगावर उसळतं. आत एक लाकडी चमचा ठेवला की बुडबुड्यांना धरायला जागा मिळते. बाळाची दुधाची बाटली यात तापवू नये: बाटली कोमट लागते आणि आतला एखादा घोट पोळतो.

आणि काकूंची पोळी. पोळीत पाणी कमी आणि तेही पातळ थरात. पाऊण मिनिटात ते वाफ होऊन निघून जातं आणि गार होताना पिठूळ भाग आवळून बसतो. पोळी ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्यात गुंडाळायची, बारा सेकंद, आणि फडक्यातून थेट पानात. भाकरीला वीस. बारा म्हणजे बारा. काकूंनी पहिल्या दिवशी तीस लावले आणि मला पुन्हा खाली बोलावलं.

राहिलं दूध. अर्ध्या पुण्याला कात्रज म्हटलं की तलाव नाही, सहकारी संघाच्या दुधाची पिशवी आठवते. ते दूध तापवायला मी मायक्रोवेव्ह वापरत नाही. गॅसवर दूध कडेने सळसळतं, सूचना देतं. इथे ते शांत असतं आणि एकदम सगळंच्या सगळं वर येतं. सायही जाड धरत नाही. पण त्याच दुधाचं दही लावायला ही पेटी फार उपयोगी, आणि तीही बंद ठेवून. डिसेंबर-जानेवारीत घाटावरून गार वारा उतरतो आणि ओट्यावर ठेवलेलं विरजण सकाळपर्यंत दूधच राहतं. मग रात्री एका काचेच्या भांड्यात लाकडी चमचा घालून पाणी उकळायचं, ते आत मागच्या कोपऱ्यात सारायचं, शेजारी कोमट दुधाला विरजण लावून झाकायचं आणि दार बंद. पेटीच्या भिंतींत ऊब टिकते, वारा लागत नाही. सकाळी कवडी दही.

दारावर मात्र चिठ्ठी चिकटवायची: "आत विरजण आहे, चहा गॅसवर करा."